वेरूळचे कैलास लेणे : ऐकीव कथा आणि कोरीव पुरावा

महाराष्ट्राची भूमी काळ्या पाषाणाची आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीतून बाहेर पडलेल्या लाव्ह्याचे थरावर थर बसले आणि दख्खनचे पठार तयार झाले, हे भूगोलाच्या पुस्तकात आपण सर्वांनी वाचले आहे. ह्याच थरांनी शेतकऱ्याला कापसाची काळी जमीन दिली आणि पाथरवटाला लेणी कोरण्याजोगा अखंड खडक दिला. भारतात बाराशेच्या आसपास कोरीव लेणी आहेत असे मानतात. त्यांतील बहुतेक एकट्या महाराष्ट्रात आहेत. कार्ले, भाजे, कान्हेरी, अजिंठा ही बौद्धांची. घारापुरी, जोगेश्वरी ही शैवांची. वेरूळला तर बौद्ध, हिंदू आणि जैन अशा तिन्ही धर्मांची लेणी एकाच डोंगराच्या कुशीत शेजारी शेजारी आहेत.

वाचकहो, प्रस्तुत लेखात ह्या सर्व लेण्यांचे वर्णन करण्याचा हेतू नाही. ते काम मार्गदर्शक पुस्तिका चांगले करतात. शाळेच्या सहली घेऊन वेरूळला जाणारा इतिहासाचा एक शिक्षक म्हणून मला एकाच प्रश्नाचा विचार आपल्यापुढे मांडावयाचा आहे. लेण्यापुढे उभे राहिले की कानांवर अनेक कथा पडतात. कोणी म्हणतो हे देवांनी एका रात्रीत केले, कोणी म्हणतो अमक्या राजाने केले, कोणी म्हणतो तमक्याने फोडले. ह्यांपैकी खरे काय मानायचे, आणि ते कशावरून? वर्गात फळ्यावर लिहून न समजणारी ही गोष्ट वेरूळच्या डोंगरात फार सहज समजते.

लेण्यांची तोंडओळख

वेरूळ हे गाव छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, ह्या शहरापासून सुमारे ३० किलोमीटरवर आहे. वाटेत आधी दौलताबादचा किल्ला लागतो, मग खुलताबाद, आणि घाट उतरला की वेरूळ. छत्रपती शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे भोसले ह्यांचे हे गाव. बारा ज्योतिर्लिंगांपैकी घृष्णेश्वराचे देऊळही येथेच आहे.

डोंगराच्या पश्चिमेकडील उतारावर सुमारे दोन किलोमीटर अंतरात ३४ प्रमुख लेणी आहेत. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन. येथे विद्यार्थी हटकून एक चूक करतात. पहिल्या क्रमांकाचे लेणे सर्वांत जुने असे ते समजतात. वस्तुतः हे क्रमांक दक्षिणेकडून उत्तरेकडे जागेप्रमाणे दिलेले आहेत. त्यांचा काळाशी संबंध नाही. २१ क्रमांकाचे रामेश्वर आणि २९ क्रमांकाचे धुमार लेणे ही दोन हिंदू लेणी वेरूळमधील फार जुन्या कामांत मोडतात, असे आता अनेक अभ्यासक मानतात. धुमार लेण्याची आखणी मुंबईजवळच्या घारापुरीच्या मोठ्या लेण्याशी मिळतीजुळती आहे. रामेश्वर लेण्यासमोर सहाव्या शतकातील कलचुरी राजा कृष्णराज ह्याची नाणी मिळाली आहेत. एक लहानसे नाणे काळ ठरविण्यास कसे साहाय्य करते, हे मुलांना सांगण्यास ही जागा उत्तम.

१४ क्रमांकाला लोक ‘रावणकी खाई’ म्हणतात, १५ वे ते ‘दशावतार’. आणि त्याला लागून १६ वे, ते कैलास.

कळसाकडून पायथ्याकडे

इमारत नेहमी पायापासून वर जाते. कैलासाचे उलट आहे. कारागिरांनी डोंगराच्या माथ्यावरून तिन्ही बाजूंनी खोल चर खणत आणले आणि मध्ये एक प्रचंड शिळा सुटी उभी ठेवली. मग त्या शिळेतून आधी शिखर, मग छत, मग भिंती आणि सर्वांत शेवटी जोते, असे वरून खाली कोरीत आणले. अशा कामात बांबूची परांची उभारावी लागत नाही, कारण कारागीर उभा राहतो तीच त्याची जमीन. मात्र चुकीला क्षमा नाही. बांधकामात एखादा चिरा बिघडला तर दुसरा बसविता येतो. येथे टाकीचा एक घाव वावगा बसला तर तो कायमचाच.

ह्या प्रांगणाची लांबी २७६ फूट, रुंदी १५४ फूट आणि मागील कड्याची उंची १०७ फूट अशी मापे जुन्या सर्वेक्षणात दिलेली आहेत. किती दगड काढला असेल? अभ्यासकांचे अंदाज दीड-दोन लाख टनांपासून पुढे जातात. मी मुलांना येथेच एक उदाहरण सोडवावयास देतो. दोन लाख टन दगड १७ वर्षांत, वर्षाला ३०० दिवस काम धरून काढला, तर रोजचा किती? उत्तर येते साधारण ३९ टन. एका घमेल्यात २० किलो भरले तर दररोज जवळजवळ दोन हजार घमेली! दगडातून देऊळ निघाले ही गोष्ट मग काव्य राहत नाही. त्यामागचे घामाचे हिशेब डोळ्यांपुढे येतात. १७ वर्षे हा आकडा मी पहिल्या कृष्णाच्या कारकिर्दीवरून घेतला. प्रत्यक्षात काम त्याच्या आधी सुरू झाले असावे आणि भोवतालच्या ओवऱ्या, लंकेश्वर वगैरे भाग त्याच्यानंतरही कोरले जात होते, असे अभ्यासकांचे मत आहे.

आत शिरताच गजलक्ष्मीचे शिल्प समोर येते. अंगणात दोन बाजूंना दोन हत्ती आणि दोन उंच ध्वजस्तंभ. नंदीमंडप आणि मुख्य मंदिर ही दगडी पुलाने जोडलेली. सभामंडपात १६ खांब, चार-चारांच्या चार गटांत. देवळाच्या जोत्याला हत्ती आणि सिंह असे कोरले आहेत की सारे मंदिर त्यांनी पाठीवर तोलले आहे असे वाटावे. दक्षिणेच्या भिंतीवर रामायणातील प्रसंग, उत्तरेच्या भिंतीवर महाभारतातील. दक्षिणेकडेच, खालच्या अंगाला, ते प्रसिद्ध शिल्प आहे : रावण वीस हातांनी कैलास पर्वत हलवीत आहे, पार्वती घाबरून शंकराला बिलगली आहे, दासी पळत सुटली आहे आणि शंकर मात्र शांतपणे पायाच्या दाबाने पर्वत स्थिर करीत आहे. भीती, धावपळ आणि निश्चलता अशा तीन अवस्था एकाच दगडात आहेत. ज्याला ही कथा ठाऊक नाही त्यालाही त्यातले नाट्य कळते.

मंदिराचे शिखर उत्तरेच्या पद्धतीचे नाही, द्राविडी आहे. कर्नाटकातील पट्टदकल येथे चालुक्य राजा दुसरा विक्रमादित्य ह्याच्या राणीने आठव्या शतकात बांधविलेल्या विरूपाक्ष मंदिराशी त्याचे नाते स्पष्ट दिसते. चालुक्यांचा पाडाव करून राष्ट्रकूट सत्तेवर आले. पण जिंकलेल्यांच्या कलेचा त्यांनी अव्हेर केला नाही. तीच कला त्यांनी आणखी मोठ्या प्रमाणावर साकार केली.

कर्ता कोण?

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. कैलासात त्याच्या उभारणीची हकीकत सांगणारा शिलालेख नाही. जेथे लेख नसतो तेथे कथा उगवतात.

१७९४ साली पुण्याच्या दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट वेरूळला आला. त्याने स्थानिक माहिती लिहून ठेवली आहे. एका मुसलमान गृहस्थाने त्यास सांगितले की हे सर्व ईल राजाने केले आणि तो दौलताबादचे संत शाह मोमिन आरिफ ह्यांचा समकालीन, म्हणजे ९०० वर्षांपूर्वीचा. ब्राह्मणांनी सांगितले की ही लेणी ७,८९४ वर्षांपूर्वीची, द्वापारयुगातील. दोन्ही कथांत राजाचे नाव जवळजवळ एकच आहे. काळ मात्र प्रत्येकाने आपापल्या ओळखीचा जोडला आहे. एकाने आपला संत घेतला, दुसऱ्याने आपले युग.

मराठीतील ‘कथाकल्पतरू’ ह्या ग्रंथात आणखी एक कथा आहे. राजाला बरे वाटावे म्हणून राणीने देऊळ बांधण्याचा नवस केला आणि शिखर पाहिल्यावाचून अन्न घेणार नाही असा पण केला. इतक्या लवकर शिखर दिसणार कसे? तेव्हा पैठणचा कोकस नावाचा कारागीर पुढे आला आणि त्याने शिखरापासूनच काम सुरू केले. आठवड्याभरात राणीचे पारणे फिटले. ही कथा इतिहास म्हणून घेता येत नाही, परंतु कैलास वरून खाली कोरले हे तंत्र लोकांनी कथेच्या रूपाने शतकानुशतके नीट जपले. ऐकीव गोष्ट सर्वस्वी टाकाऊ नसते. तिच्यातला दाणा आणि कोंडा वेगळा करावा लागतो.

हा दाणा पाखडण्याचे सूप म्हणजे समकालीन लेख. दशावतार लेण्याच्या अंगणातील मंडपावर राष्ट्रकूट राजा दंतिदुर्ग ह्याच्या घराण्याची वंशावळ सांगणारा शिलालेख आहे. म्हणजे आठव्या शतकाच्या मध्याला राष्ट्रकूटांचा वेरूळशी निकट संबंध होता. दुसरा पुरावा बडोद्याचा. राष्ट्रकूटांच्या गुजरात शाखेतील कर्क सुवर्णवर्ष ह्याने शके ७३४, म्हणजे इ. स. ८१२-१३ मध्ये, वडपद्रक नावाचे गाव दान दिले. हेच आजचे बडोदे. त्या दानाच्या ताम्रपटात पूर्वजांची स्तुती करताना सांगितले आहे की कृष्णराजाने एलापूर येथे शिवाचे अद्भुत मंदिर करविले. विमानातून जाणाऱ्या देवांनाही ते मानवी हातांचे वाटले नाही, आणि ज्याने ते घडविले त्या कारागिरालाच आपण हे कसे केले ह्याचे आश्चर्य वाटले व पुन्हा असे करता येईल असा भरवसा उरला नाही. ह्या ताम्रपटातील एलापूर म्हणजे वेरूळ आणि ते मंदिर म्हणजे कैलास, हे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर ह्यांनी १८८३ साली दाखवून दिले.

हा कृष्णराज म्हणजे पहिला कृष्ण, दंतिदुर्गाचा चुलता. त्याची कारकीर्द साधारण ७५६ ते ७७३ अशी धरतात. ताम्रपट त्याच्यानंतर चाळीसएक वर्षांतला. शिवाय तो आहे जमिनीच्या दानाचा कागद. देवळाचा उल्लेख त्यात ओघाने आला आहे. अशी ओघाने आलेली साक्ष इतिहासात मोलाची असते. ९०० वर्षे आणि ७,८९४ वर्षे ह्या दोन्ही गणितांचा निकाल तांब्याच्या पत्र्यावरील एका उल्लेखाने लावला.

लेख नसला म्हणजे काय अडचण होते हे घारापुरीला कळते. तेथे एक कोरीव लेख असलेली शिळा होती. पोर्तुगीज इतिहासकार दियोगो दो कौतो लिहितो की ती काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठविण्यात आली, पण तेथे ती कोणास वाचता आली नाही. पुढे ती नाहीशी झाली. घारापुरीच्या काळाविषयी विद्वानांत आजवर मतभेद आहेत ते ह्यामुळेच.

फारसी लेखकांची साक्ष

वेरूळच्या इतिहासात आणखी एका साक्षीकडे आपले दुर्लक्ष होते. ती म्हणजे फारसी ग्रंथांची. विजापूरच्या दरबारात राहून सतराव्या शतकाच्या आरंभी इतिहास लिहिणारा फिरिश्ता सांगतो की अलाउद्दीन खलजीच्या सैन्यातील काही शिपाई वेरूळची लेणी पाहण्यास गेले असता त्यांची गाठ राजकन्या देवलदेवीला देवगिरीस घेऊन जाणाऱ्या तुकडीशी पडली. देवलदेवीच्या कथेविषयी इतिहासकारांना शंका आहेत. पण ती कथा बाजूला ठेवली तरी एक गोष्ट उरते. फिरिश्त्याच्या वाचकांना वेरूळ हे ‘पाहण्यास जाण्याचे ठिकाण’ म्हणून ठाऊक होते.

साकी मुस्तैद खान ह्याचा ‘मआसिर-ए-आलमगिरी’ हा औरंगजेबाच्या कारकिर्दीचा इतिहास. त्यात वेरूळचे वर्णन आहे. डोंगर पोखरून कुशल कारागिरांनी घडविलेली ही स्थाने पाहण्यास अत्यंत रम्य आहेत, प्रत्यक्ष पाहिल्यावाचून शब्दांनी त्यांची कल्पना येणार नाही, आणि इतक्या भक्कम वास्तूही ओस पडलेल्या पाहून विचारी माणसाला जगाच्या नश्वरतेचा बोध होतो, असा त्याचा आशय आहे. खुद्द औरंगजेबाच्या एका पत्रातही वेरूळचा उल्लेख खऱ्या कारागिराच्या, म्हणजे परमेश्वराच्या, निर्मितीतील आश्चर्य असा आलेला आहे. ह्याच बादशहाची साधी कबर लेण्यांपासून चारपाच किलोमीटरवर खुलताबादला आहे.

मूर्ती कोणी फोडल्या?

सहलीत हा प्रश्न आल्यावाचून राहत नाही. हत्तींच्या सोंडा गेलेल्या, मूर्तींचे हात-नाक तुटलेले, मुले विचारणारच. उत्तर वाटेवर तयार असते : औरंगजेबाने हजार मजूर लावून तीन वर्षे कैलास फोडण्याचा यत्न केला आणि शेवटी हात टेकले. ही गोष्ट ऐकली की काही मुलांचे चेहरे उतरतात, काहींना राग येतो. आधीच एखाद्या पालकाने विचारलेले असते की देवळे दाखवायला मुलांना एवढे दूर कशाला न्यायचे? अशा वेळी शिक्षकाने विषय बदलू नये, मुलांना गप्प करू नये आणि उसने अवसान आणून वकिलीही करू नये. पुरावा काय म्हणतो ते सरळ सांगावे.

हजार मजुरांच्या गोष्टीला समकालीन कागदाचा आधार दाखविला जात नाही. उलट त्याच दरबाराच्या इतिहासात आणि बादशहाच्या पत्रात वेरूळची वाखाणणी आहे. परंतु एवढ्यावर थांबणेही प्रामाणिकपणाचे नाही. काशीचे विश्वनाथाचे मंदिर १६६९ साली बादशहाच्या हुकुमाने पाडले गेले, ही नोंदही त्याच ‘मआसिर-ए-आलमगिरी’त आहे. एकाच ग्रंथातील एक पान घ्यायचे आणि दुसरे लपवायचे, हा इतिहास नव्हे. दोन्ही पाने वाचायची. एका ठिकाणी जे घडले ते दुसऱ्या ठिकाणीही घडले असे पुराव्यावाचून धरायचे नाही, आणि एका ठिकाणी घडले नाही म्हणून कोठेच घडले नाही असेही म्हणायचे नाही.

मग तुटले कसे? लाव्ह्याच्या खडकात मुळातच भेगा असतात. बाराशे पावसाळ्यांचे पाणी त्यांत झिरपले. कैलासाच्या दक्षिणेकडील कड्यातील लेण्याला जोडणारा दगडी पूल केव्हाच कोसळला. ओस पडलेल्या लेण्यांत धुनी पेटल्या, छतावरची चित्रे धुराने काळवंडली. माणसाचा हातोडाही पडला असेल; सगळेच निसर्गावर ढकलता येत नाही. पण हातोडा कोणाचा, हे सांगण्यास नाव आणि काळ दाखविणारा पुरावा लागतो. न्यायालयात तो लागतो, तसाच वर्गातही लागला पाहिजे.

आणि जतन कोणी केले, हेही मुलांना सांगावे. निजामाच्या राज्यात १९१४ साली पुराणवस्तू खाते सुरू झाले. त्याचे पहिले संचालक गुलाम याझदानी. अजिंठा-वेरूळच्या जपणुकीची जबाबदारी ह्या खात्याकडे होती. याझदानी ह्यांचे अजिंठ्यावरील चार भाग आजही अभ्यासक उघडतात. आज ही लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत आणि १९८३ साली त्यांचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत झाला आहे.

सहलीला निघण्यापूर्वी

आपण कुटुंबासह किंवा शाळेसह वेरूळला जाणार असाल तर दोनचार सूचना उपयोगी पडतील. मंगळवारी लेणी बंद असतात. कैलासाचे तोंड पश्चिमेला आहे, म्हणून दुपारनंतरच्या उन्हात त्याची शिल्पे उजळतात. सकाळचा वेळ इतर लेण्यांना द्यावा. कैलासाच्या बाजूने डोंगरावर वाट जाते, तिने वर जाऊन एकदा खाली पाहावे. हे मंदिर बांधलेले नसून कोरलेले आहे हे वरूनच खरे पटते. पुढे ३० क्रमांकाचे ‘छोटा कैलास’ हे जैन लेणे अवश्य पाहावे. ते अपुरे राहिले आहे, आणि अपुरे काम मुलांना पूर्ण कामापेक्षा अधिक शिकविते, कारण कारागिराचा हात कोठे थांबला ते त्यात दिसते.

मुलांच्या हातात वही द्यावी आणि पानावर दोन रकाने आखावयास सांगावे. एकावर लिहावे ‘ऐकले’, दुसऱ्यावर ‘पाहिले अथवा वाचले’. संध्याकाळी परतताना दोन्ही रकाने ताडून पाहावेत. पहिला रकाना नेहमीच लांब भरतो. दुसरा लहान असतो, पण परीक्षेत आणि पुढे आयुष्यातही उपयोगी पडतो तो दुसराच. कोणी रस्त्यात अडवून आपल्या किंवा दुसऱ्याच्या पूर्वजांविषयी काहीबाही ऐकवले, तर असा विद्यार्थी चिडणार नाही आणि दबणारही नाही. तो शांतपणे विचारील, हे कोठे लिहिले आहे?

शेवटी एक विनंती. लेण्यांतील खांबांवर खडूने, कोळशाने, क्वचित खिळ्याने लिहिलेली नावे आढळतात. ज्या पाथरवटांनी दोन पिढ्या खपून हा डोंगर कोरला त्यांनी आपली नावे मागे ठेवली नाहीत. आपण तर एका दुपारचे पाहुणे. आपली मुले तेथे जातील तेव्हा लिहिण्यासाठी वही नेतील, खिळा नव्हे, एवढी काळजी पालकांनी आणि शिक्षकांनी मिळून घ्यावी.